गावच्या लाइनीवर स्टुडिओ स्पीकर: तीन जोड्या, त्यांची हमिंग आणि त्यावर विकले जाणारे उपाय

स्टुडिओ स्पीकरच्या परीक्षणांत वूफर कशाचा, ट्वीटर किती इंची, बास किती खाली जातो हे सगळं सापडतं. तोच स्पीकर दारव्ह्याच्या किंवा देसाईगंजच्या खोलीत लावला की पहिला प्रश्न वेगळाच पडतो: गाणं बंद आहे, मग ही घूंऽऽ (हमिंग) कुठून येते? त्याच्या मागोमाग दुसरा: एका बाजूचा आवाज कमी का? खंजिरी-भजनं रेकॉर्ड करणारे, झाडीपट्टीच्या नाटकांना ट्रॅक बनवून देणारे, लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे आणि वऱ्हाडी रील्सवाले असे बरेच जण आता गावातच खोली करून बसले आहेत. त्यांच्यासाठी तीन जोड्या इथे फक्त या दोन कसोट्यांवर घासल्या आहेत. सुरांचा पोत, स्टिरिओची खोली वगैरे इथे मिळणार नाही. त्यावर लिहिणारे भरपूर आहेत.

मत आधीच सांगून टाकतो. आपल्या भागात स्पीकर घेताना त्याची पाठ वाचावी. पिना कोणत्या, सेन्सिटिव्हिटीचं (येणारा सिग्नल किती ताकदीचा ते निवडायचं) बटण आहे का, व्होल्टेजच्या पट्टीवर काय छापलंय. एवढं वाचलं की पुढच्या निम्म्या तक्रारी दुकानातच कळतात. उरलेल्या निम्म्या घराच्या अर्थिंगमध्ये असतात आणि त्या कुठलाही स्पीकर बदलून जात नाहीत.

तीन जोड्या

यामाहा एचएस५. ५ इंची वूफर, १ इंची ट्वीटर, वूफरला ४५ आणि ट्वीटरला २५ वॅटचा वेगळा अ‍ॅम्प. मागे एक्सएलआर (तीन टाचण्यांची गोल पिन) आणि पी-३८ स्टिरिओ (तीन भागांची पाव इंची जाड पिन) अशा दोन बॅलन्स्ड पिना, म्हणजे सिग्नलला दोन तारा आणि भोवती शील्डची जाळी. आरसीए (टीव्हीची लाल-पांढरी पिन) नाही. "आरसीए नाही" ही तक्रार दुकानात हमखास ऐकू येते, पण गावच्या लाइनीवर हा गुणच धरावा. साउंडकार्डपासून सरळ बॅलन्स्ड लीड (जोडणारी केबल) ओढली की हमिंगची बरीच वाट बंद होते. घोळ होतो तो आरसीए ते पी-३८ असा कनव्हर्टर खुपसल्यावर. मग स्पीकरची बॅलन्स्ड सोय असून नसल्यासारखी होते आणि बोल यामाहाला लागतात. लेव्हलचा नॉब मधोमध, +४ च्या खुणेवर ठेवावा. भिंतीला चिकटून ठेवावा लागत असेल तर रूम कंट्रोलचं बटण -२ किंवा -४ वर; ते ५०० हर्ट्झच्या खालचा फुगवटा उतरवतं.

जेबीएल ३०५पी मार्क टू. हाही ५ इंची, ४१ अधिक ४१ वॅट, क्लास-डी अ‍ॅम्प. पाठीवर +४ डीबीयू (स्टुडिओची पातळी) आणि -१० डीबीव्ही (घरगुती पातळी) असं निवडायचं बटण आहे, आणि विजेच्या पट्टीवर १०० ते २४० व्होल्ट. आपल्याकडे ही पट्टी सोन्यासारखी. रब्बीत गहू-हरभऱ्याला पाणी सुरू झालं, डीपीवर मोटारींचा भार आला आणि घरात १७० व्होल्ट उरले, तरी याच्या सप्लायला फरक पडत नाही. दोष एकच, पण तो रोज ऐकू येतो: ट्वीटरची हिस, म्हणजे सततचं बारीक स्स्स. हाताच्या अंतरावर बसून काम करणाऱ्याला रात्रीच्या शांततेत ती जाणवते. ही हमिंग नाही आणि बिघाडही नाही. अर्थिंग कितीही सुधारा, ती जाणार नाही. दिवसभर कूलर चालू असणाऱ्याला तिचा पत्ताही लागत नाही, हा भाग वेगळा.

प्रिसोनस एरिस ३.५. साडेतीन इंची वूफर, प्रत्येक बाजूला २५ वॅट. दोन्ही बाजूंचा अ‍ॅम्प एकाच डब्यात आणि दुसरा डबा साध्या दोन तारांनी जोडलेला. मागे आरसीए आणि पी-३८, पुढे मोबाइलची साडेतीनची पिन, हेडफोनची जागा आणि व्हॉल्यूमचा नॉब. व्हिडिओ एडिटिंगला सोयीचा, खिशालाही परवडणारा. हमिंगच्या दृष्टीने यात एक छुपा फायदा आहे: विजेची पिन एकच, म्हणजे दोन स्पीकर दोन वेगळ्या बोर्डांवर लावण्याची चूक इथे होऊच शकत नाही. तोटा असा की लोक आरसीए किंवा पुढचीच पिन वापरतात, आणि लॅपटॉप चार्जिंगला लागला की घूं सुरू.

रेकॉर्डिंग-मिक्सिंगला जिथे लाइन कमी-जास्त होते तिथे ३०५. लाइन बरी आहे आणि शांततेत बारीक ऐकायचंय तर एचएस५. फक्त एडिटिंग असेल तर एरिस, पण पी-३८ ची पिन वापरून.

आवाज ऐकून ओळखा

आपली लाइन ५० हर्ट्झची. जाड, गोल, हार्मोनियमच्या अगदी खालच्या पट्टीसारखी घूं असेल तर ती ५० हर्ट्झची: अर्थ लूप (तो काय ते पुढे येईल), तुटलेली शील्ड किंवा जवळ ठेवलेला ट्रान्सफॉर्मर. तिच्या बरोबर एक सप्तक वर, १०० हर्ट्झची, किंचित खरखरीत घूं असेल तर संशय स्पीकरच्या आतल्या सप्लायवर घ्यावा. रेक्टिफायरच्या (एसीचं डीसी करणाऱ्या भागाच्या) मागचे कपॅसिटर सुकले की हीच येते. धारदार झर्रर्र असेल तर पंख्याचा डिमर रेग्युलेटर, स्वस्त एलईडी दिवा किंवा स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर. माउस हलवला की चिंईऽऽ बदलते, तो यूएसबीतून आलेला लॅपटॉपचा कचरा. साधा बटणवाला फोन लीडजवळ ठेवला आणि रिंग यायच्या आधी टर्र-टर्र वाजलं, ते टूजीचं २१७ हर्ट्झ. फोन उचलून दूर ठेवला की काम झालं.

आणि एक खास आपल्याकडची खूण: साधारण सेकंदाला एक, घड्याळासारखं टक्… टक्… टक्. हे स्पीकरचं नाही, धुऱ्यावरच्या झटका मशीनचं आहे. रानडुकरं आणि रोह्यांसाठी (नीलगायींसाठी) लावलेल्या तारेला गवत टेकलं किंवा सांधा सैल पडला की तिथे ठिणगी पडते आणि ती रेडिओसारखी लीडमध्ये शिरते. तारेखालचं गवत कापावं, सांधे आवळावेत, आणि मशीनचा अर्थ घराच्या अर्थपासून किमान १० मीटर लांब ठेवावा. दोघांचा अर्थ एकच केलेला असेल तर आवाजाचं सोडा, ते धोक्याचंच आहे.

शोधाचा क्रम

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम मोडला की दिवस वाया जातो. आधी स्पीकरच्या मागच्या सगळ्या लीड काढा, फक्त वीज ठेवा, नॉब नेहमीच्या जागी. शांत झाला? मग स्पीकर निर्दोष आहे, त्याला दुकानात नेऊ नका. घूं तशीच आहे? कान वूफरच्या कोनजवळ (पडद्याजवळ) आणि मग डब्याच्या पाठीजवळ न्या. कोनमधून येत असेल तर आतला सप्लाय किंवा शेजारचा ट्रान्सफॉर्मर. डबाच गुणगुणत असेल तर ट्रान्सफॉर्मरच्या पट्ट्या थरथरताहेत. लाइन २५० च्या वर गेली की असं होतं. स्पीकर दुसऱ्या खोलीत किंवा स्टॅबिलायझरपासून दीड-दोन मीटर दूर नेऊन पाहा. जागा बदलताच घूं गेली तर दोष चुंबकीय क्षेत्राचा.

आता लीड फक्त स्पीकरला लावायची आणि दुसरं टोक मोकळं सोडायचं, असं बरेच जण करतात आणि घूं ऐकून स्पीकरला दोषी ठरवतात. मोकळी लीड अँटेनाच असते, ती घूं करणारच. नीट चाचणी हवी असेल तर एक सुटी एक्सएलआर पिन घ्या, तिच्यात १, २, ३ तिन्ही एकत्र डाग द्या आणि ती स्पीकरमध्ये खोचा. वीस-तीस रुपयांत होणारी ही पिन महागड्या मीटरइतकी खरं बोलते. ती लावून शांत आणि साउंडकार्ड जोडल्यावर घूं, म्हणजे रोग दोघांच्या मधे आहे.

मग लॅपटॉपचा चार्जर काढा, बॅटरीवर चालवा. घूं गेली तर गाठ सुटली. तीन पिनी चार्जर असेल तर लॅपटॉप एका वाटेने अर्थला जोडला आहे आणि स्पीकर दुसऱ्या. दोन अर्थांमध्ये व्होल्टाचा थोडासा जरी फरक असला तरी त्याचा प्रवाह लीडच्या शील्डमधून वाहतो. हाच अर्थ लूप. दोन पिनी चार्जर असेल तर लॅपटॉपची बॉडी तरंगती असते. धातूवर हात फिरवला की मुंग्या येतात, आणि मीटर बॉडी ते अर्थ शंभरच्या आसपास व्होल्ट दाखवतो. प्रवाह फारच कमी असतो, पण आरसीएच्या शील्डला तेवढा पुरतो.

पहिला उपाय फुकटचा आहे: लॅपटॉप, साउंडकार्ड, मिक्सर आणि दोन्ही स्पीकर एकाच भिंतीवरच्या सॉकेटमधून, एकाच बोर्डवर आणा. सगळ्यांचा मिळून भार ३०० वॅटच्या आत राहतो, ६ अँपिअरचा चांगला बोर्ड आरामात पेलतो. डावा स्पीकर खिडकीजवळच्या सॉकेटवर आणि उजवा दारामागच्या, अशी सजावट दिसायला नीट असते, ऐकायला नाही. त्याच बोर्डवर कूलर मात्र लावू नका. कूलरच्या मोटारीतून किंवा पंपातून थोडी गळती असली की ती अर्थच्या तारेतून वाहते, आणि पाण्याचा पंप सुरू होताच घूं वाढते. अशी वाढ दिसली तर स्पीकर विसरा, आधी कूलर दाखवा; एप्रिल-मेमध्ये त्याला ओला हात लावणारं घरातलंच कुणीतरी असतं.

अर्थिंग

मल्टिमीटर एसीवर ठेवून तीन मापं घ्या. फेज-न्यूट्रल: २३०च्या आसपास. फेज-अर्थ: जवळपास तेवढंच. न्यूट्रल-अर्थ: दोन-तीन व्होल्टच्या आत असेल तर उत्तम. पाचच्या वर गेलं तर अर्थ कमजोर आहे किंवा न्यूट्रलवर भार फार आहे. फेज-अर्थ मध्येच कुठेतरी, ९०-१२० असं लोंबकळत असेल तर सॉकेटमधली अर्थची तार कुठेच पोचलेली नाही. न्यूट्रल-अर्थ अगदी शून्य, मोटार चालू असतानाही शून्य, आलं तर खूश होऊ नका. सॉकेट उघडायला लावा. कुणीतरी अर्थच्या पिनेला न्यूट्रलचा तुकडा मारून ठेवलेला असतो. हमिंग काही वेळा याने कमी होते, म्हणून ही युक्ती गावोगाव पसरली आहे. पण पोलवरचा न्यूट्रल तुटला त्या दिवशी स्पीकरच्या, मिक्सरच्या आणि माइकच्या जाळीच्या धातूवर पूर्ण २३० उभे राहतात, आणि माइक गाणाऱ्याच्या ओठांना लागलेला असतो.

याच कारणाने तिसरी पिन कापायची नाही. "अर्थ काढला की शांत होतो" हे खरं आहे, कारण लूप तुटतो. पण लूप ऑडिओच्या बाजूने तोडता येतो. विजेच्या बाजूने तोडायची गरज नाही.

अर्थ नव्याने करायचा तर वायरमनकडून जीआय पाइप घालून घ्या: ४० मिलिमीटरच्या आसपास व्यास, अडीच मीटर लांबी, भोवती कोळसा-मीठ, वर पाणी घालायला नरसाळं. माप ५ ओहमच्या आत आलं तर स्टुडिओला पुरेसं. जमिनीप्रमाणे यात फरक पडतो. यवतमाळ-अमरावतीची काळी माती पावसाळ्यात झकास अर्थ देते, आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाइपाभोवतीची माती सुटली की अर्थ गेला. मार्चपासून आठवड्याला दोन बादल्या पाणी टाकावं. अकोला-बुलडाण्याकडच्या खारपाणपट्ट्यात उलट: खारी जमीन अर्थ छान देते, पण जीआय खाऊन टाकते. तिथे पाइप आणि त्यावरची पट्टी दर वर्षी उघडून पाहायची किंवा तांब्याचा मुलामा असलेला रॉड वापरायचा. गडचिरोली-गोंदियाकडे मुरूम आणि खडक लागला तर एक खोल खड्डा खोदत बसण्यापेक्षा दोन-तीन इलेक्ट्रोड लांब-लांब घालून जोडणं सोपं पडतं.

बाजारातले उपाय: कशाला पैसे द्यावे

बॅलन्स्ड लीड. सगळ्यात आधी हीच. साउंडकार्डच्या आउटपुटवर बॅलन्स्ड लिहिलंय का पाहा (फोकसराइट स्कार्लेट २आय२ चं आहे), आणि दोन्ही टोकांना स्टिरिओ पी-३८ किंवा एका टोकाला एक्सएलआर असलेली लीड घ्या. दुकानातल्या मोल्डेड लीडवर विश्वास ठेवू नका. पिनेवर दोन काळ्या रेघा दिसतात आणि आत तार एकच निघते. मीटर बीपवर ठेवून टोक-टोक, मधली कडी-मधली कडी, बूड-बूड असं तपासा. तिन्ही वेगवेगळ्या वाजल्या पाहिजेत आणि एकमेकांशी वाजता कामा नयेत. दहापैकी दहा गुण.

आरसीए आउटपुटशिवाय दुसरं काही नसेल तर तयार कनव्हर्टरपेक्षा लीड बनवून घ्या. दोन तारा अधिक शील्ड अशी माइकची केबल. आरसीएचं टोक एक्सएलआरच्या २ नंबरला, आरसीएचं बूड वेगळ्या तारेने ३ नंबरला, शील्ड १ नंबरला. आणि आरसीएच्या बाजूला शील्ड व बूड एकत्र. फरक एका जादा तारेचा आहे, पण घूं शील्डमधून जाते आणि स्पीकर २ व ३ मधलाच फरक ऐकतो. कनव्हर्टरच्या तुलनेत हमिंग कित्येक पटींनी खाली येते.

ग्राउंड लूप आयसोलेटर. कारसाठी विकली जाणारी आरसीएची दोन-चारशे रुपयांची डबी लूप तोडते, यात वाद नाही. पण आतला ट्रान्सफॉर्मर बोटाच्या पेराएवढा असतो. खालच्या पट्टीत तो लवकर भरतो, मग ढोलकीची धुम्मी पातळ होते आणि लेव्हल वाढवली की चिरकते. एरिसवर व्हिडिओ एडिटिंगला चालेल; मिक्सिंग करणाऱ्याने त्या बासवर निर्णय घेऊ नयेत. बेहरिंगरची एचडी४०० ही दोन चॅनलची पेटी त्याच तत्त्वाची, पण पी-३८ स्टिरिओ पिनांची आहे आणि तिला वीज लागत नाही, ती घ्यावी. कामाची गोष्ट म्हणून एखादी कपाटात असलेली बरी, कारण नाटकाच्या मंडपात कुणाच्या मिक्सरचा अर्थ कुठे गेलाय ते शोधायला वेळ नसतो.

स्टॅबिलायझर. हमिंगसाठी हा विकणाऱ्याला नमस्कार करून पुढे व्हावं. तो व्होल्टेज सांभाळतो. आत ऑटोट्रान्सफॉर्मर असतो, म्हणजे आयसोलेशन शून्य, अर्थ लूप जसाच्या तसा. वर त्याचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र, आणि रिले प्रकारचा असेल तर टेकच्या मधोमध टक् आवाज. एका परिस्थितीत मात्र तो खरोखर हमिंग घालवतो. जुन्या धाटणीच्या लोखंडी ट्रान्सफॉर्मरच्या स्पीकरमध्ये प्रीअ‍ॅम्पला १५ व्होल्टचे रेग्युलेटर असतात. त्यांना आत येणारं व्होल्टेज दोनेक व्होल्ट जास्त लागतं. लाइन पडली की तेवढी शिल्लक राहत नाही आणि १०० हर्ट्झची लाट थेट सिग्नलमध्ये उतरते. ओळखायची खूण सोपी: थ्री-फेज सुरू असताना, मोटारी धडधडत असताना घूं; लाइन सुधारली की गप्प. असं असेल तरच स्टॅबिलायझर घ्या आणि लीडपासून दूर ठेवा.

इन्व्हर्टर. लाइन गेल्यावर झर्रर्र सुरू होत असेल तर तो स्क्वेअर वेव्हचा आहे. त्यात ५० सोबत १५०, २५०, ३५० असे विषम हार्मोनिक असतात. लोखंडी ट्रान्सफॉर्मर त्यावर गुणगुणतो आणि जास्त तापतोही. प्युअर साइन वेव्ह घ्या. स्पीकर आणि लॅपटॉप मिळून भार जेमतेम दीड-दोनशे वॅट, त्यामुळे घरचा नेहमीचा १५० एएचचा संच काही तास ओढतो. पंख्याला डिमर रेग्युलेटरऐवजी कपॅसिटरचा, खटक्या-खटक्यांचा रेग्युलेटर बसवा. सगळ्या यादीतली ही सर्वांत स्वस्त सुधारणा, आणि वायरमनचं काम दहा मिनिटांचं.

आवाज कमी, आवाज गायब

एक बाजू हळू वाजते तेव्हा आधी दोन्ही लीड स्पीकरच्या मागून अदलाबदल करा. हळूपणा दुसऱ्या बाजूला गेला तर दोष लीडचा किंवा साउंडकार्डचा. तिथेच राहिला तर स्पीकरचा, किंवा खोलीचा. एका बाजूला स्टिरिओ पी-३८ आणि दुसऱ्या बाजूला मोनो पी-३८ ची लीड असेल तर बऱ्याच साउंडकार्डांवर ६ डेसिबलचा फरक सरळ पडतो. दिसायला दोन्ही लीड सारख्याच.

मोबाइलवरून गाणं लावलं आणि गायक गायब, फक्त ऑर्गन, ढोलकी आणि प्रतिध्वनी उरला, तर घाबरू नका. साडेतीनच्या स्टिरिओ पिनेची लीड बॅलन्स्ड पी-३८ मध्ये गेली आहे. स्पीकर डाव्यातून उजवा वजा करतो आणि मधोमध असलेला गायक कापला जातो. लीड अशी हवी: एका बाजूला साडेतीनची स्टिरिओ, दुसऱ्या बाजूला दोन वेगळ्या मोनो पी-३८. एरिसमध्ये गायक पोकळ आणि बास नाहीसा वाटला तर दोन डब्यांमधल्या तारेची लाल-काळी बाजू उलटी लागली आहे.

सगळाच आवाज कमी असेल तर लेव्हलचं गणित पाहा. स्टुडिओची +४ डीबीयू पातळी म्हणजे १.२३ व्होल्ट, घरगुती -१० डीबीव्ही म्हणजे ०.३१६ व्होल्ट, दोघांत जवळपास १२ डेसिबलचं अंतर. मोबाइल किंवा आरसीए जोडताना जेबीएलचं बटण -१० वर, साउंडकार्ड जोडताना +४ वर. उलट केलं तर एकतर आवाज येत नाही, नाहीतर हिस आणि हमिंग दोन्ही फुगतात. यात लोक एक चूक फार करतात: साउंडकार्डचा नॉब अगदी खाली ठेवून स्पीकरचा नॉब पूर्ण पिळतात. मग वाटेतला सगळा कचरा मोठा होऊन बाहेर पडतो. स्पीकरचा नॉब मधोमध बांधून टाका आणि आवाज साउंडकार्डवरून कमी-जास्त करा.

लाइन कमी म्हणून आवाज कमी, हे मात्र फारसं खरं नाही. लोखंडी ट्रान्सफॉर्मरवरचा स्पीकर २३० ऐवजी १७० व्होल्टवर आला तर ताकद निम्म्यावर येते, पण कानाला तो फरक अडीच डेसिबलच्या आसपासच असतो, आणि तोही पूर्ण मोठ्याने वाजवतानाच. आवाज त्याहून जास्त पडला असेल तर दोष दुसरीकडे शोधा. खोलीसुद्धा फसवते. एक स्पीकर कोपऱ्यात आणि दुसरा उघड्या दाराशी असला तर कोपऱ्यातला भरदार आणि दाराशीचा पोरका वाटणारच. टिनाच्या छपराखाली आणखी एक गंमत: ठरावीक सुरावर टिन किंवा त्याचा बोल्ट थरथरतो आणि लोक वूफर फाटला समजून बसतात. ४० ते ३०० हर्ट्झचा स्वीप सावकाश वाजवा आणि खरखर येताच टिनावर काठी टेकवा.

नॉब फिरवताना खर्र-खर्र होत असेल, एखाद्या जागी आवाज गायब होत असेल, तर आत धूळ आहे. जिनिंगच्या हंगामात कापसाचे तंतू कुठेही शिरतात. इलेक्ट्रिकल काँटॅक्ट क्लीनर पॉटच्या (नॉबमागच्या भागाच्या) फटीत थोडा मारून, वीज बंद ठेवून नॉब वीस-पंचवीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. गंज सोडवायचा तेलकट स्प्रे नको, त्यावर धूळ आणखी चिकटते. हेडफोनच्या जागेतही तसंच: आतला स्विच मळला की स्पीकरला वाटतं हेडफोन लावलेलाच आहे आणि तो गप्प बसतो. हेडफोनची पिन पाच-सात वेळा आत-बाहेर करून पाहा. काही मॉडेल हळू आवाजावर थोड्या वेळाने आपोआप झोपतात. दुरुस्तीला नेण्याआधी स्टँडबायचं बटण पाहिलेलं बरं. तिन्ही जोड्यांचं बासचं भोक मागे आहे, तिथे बारीक जाळी सैलसर लावली तर पाली आत जात नाहीत. फडकं कोंबू नका, बास बिघडतो.

आतला बिघाड

लीड काढूनही १०० हर्ट्झची घूं राहिली तर कपॅसिटर. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंशांनी जवळपास निम्मं होतं, आणि चंद्रपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात टिनाखालची खोलीच ४५ ला पोचते. डब्याच्या आत त्याहून वर. वॉरंटी असेल तर स्क्रू उघडू नका. संपली असेल तर दुरुस्तीवाल्याला चार गोष्टी सांगून ठेवा. कपॅसिटर १०५ अंशांचे हवेत, ८५ चे नकोत. व्होल्ट मूळ इतके किंवा जास्त, कमी कधीच नाही. मायक्रोफॅरड तेवढेच, फार तर दहा-वीस टक्के जास्त. आणि बोर्डावर भाग चिकटवायला वापरलेला पिवळा गोंद तापून तपकिरी झाला असेल तर तो खरवडून काढायचा, कारण जळका गोंद वीज वाहू देतो आणि नवे कपॅसिटर घालूनही खरखर राहते.

स्वतः उघडणाऱ्यांसाठी: एसएमपीएसच्या (स्विचिंग सप्लायच्या) मोठ्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्ट डीसी असतात आणि पिन काढल्यावरही काही काळ टिकतात. मीटरने मोजून, पाच-दहा वॅटच्या रेझिस्टरमधून उतरवल्याशिवाय बोट लावायचं नाही. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करणं ही रीत नव्हे. सुटे भाग नागपुरात सीताबर्डीच्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानांत मिळतात. जुना कपॅसिटर सोबत न्या, कारण उंची आणि पायांमधलं अंतर जुळलं नाही तर नवा बोर्डावर बसत नाही. स्पीकर पाठवायचा असेल तर एचएस५ आणि ३०५ पैकी बिघडलेला एकच डबा पाठवला तरी चालतो. एरिसचा अ‍ॅम्पवाला डबा गेला की दोन्ही बाजू बंद, तेव्हा हातातलं एडिटिंग आधी उरकून घ्या.